हल्ली मुक्काम काळेवाडी

आमच्या घरमालकीण मावशींचं घर त्यांचं स्वतःचं होतं. जागा नवऱ्याच्या फंडातून घेतलेली, भिंतींवर त्यांनी स्वतः पाणी मारलेलं, वरचा मजला एकेक खोली करत चढवलेला. तरी दाराशेजारच्या पाटीवर त्यांच्या नावाखाली, नावाहून मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं : 'हल्ली मुक्काम काळेवाडी'.

हे शब्द खरे आम्हा भाडेकरूंचे. चिंचवडपासून चाकणपर्यंत ज्या ज्या खोल्यांत कामगार राहतात, तिथल्या प्रत्येकाच्या कागदावर हेच असतं. मूळ गाव बीडकडचं, हल्ली मुक्काम कुरुळी. मूळ गाव लातूरकडचं, हल्ली मुक्काम काळेवाडी. कंत्राट संपलं की मुक्काम हलतो. घरमालक असं लिहीत नाहीत. ते 'अमुक निवास' लिहितात, 'आईची कृपा' लिहितात आणि जिन्याला स्टीलचे कठडे लावतात. मावशींनी मात्र भाडेकरूंचा शब्द उचलून स्वतःच्या दाराला लावला होता.

एकदा पार्सल घेऊन आलेल्या माणसानं पाटी वाचली आणि विचारलं, "मावशी, तुमी बी भाड्यानंच का?"

"तर काय."

"मग घर कुणाचं?"

"प्रभूचं. भाडं तेवढं मी घेते."

तो जरा विचारात पडला. "मंग सही प्रभू शेठची लागंल का तुमची चालंल?"

"माझी चालेल," मावशी म्हणाल्या. "त्यांचं माझं तसं बोलणं झालंय."

मावशी ख्रिस्ती होत्या, मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. नवरा पिंपरीत कारखान्यात होता. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मरण, स्वर्ग, पुनरुत्थान या गोष्टी इतर लोक जशा खाली आवाजात बोलतात तशा त्या बोलत नसत. पुण्याला जाऊन यायचं असल्यासारख्या बोलत. नव्या भाडेकरूला पहिल्या दिवशी चहा देत आणि पहिला प्रश्न विचारत, "निघायची तयारी आहे ना?"

वर्षा आली तेव्हाही विचारलं. ती बीडकडची, माझ्याच कंपनीत लागलेली, माझ्याच खोलीत राहायला आलेली. हातात कपड्यांची पिशवी आणि डोक्यात प्रवासाची धूळ.

"आत्ताच तर आले, मावशी," ती म्हणाली.

"अगं, आत्ताच आलीस म्हणूनच विचारते. एकदा भांडी लावली की माणूस विसरतं."

वर्षानं चहा अर्धा ठेवला, पिशवी उचलली आणि निघाली. मी तिला जिन्यात गाठलं. म्हटलं, "अगं, त्या खोली सोडायला नाही सांगत. त्या मरणाचं विचारतायत." हे ऐकून ती आणखीच घाबरली. शेवटी मावशींनी तिला हाताला धरून वर आणलं, ताटात भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "जेवून जा. मग तिकडं जा नाही तर खोलीत जा." ती खोलीत गेली.

त्यांच्या कपाटात एक पांढरी साडी होती. बारीक चंदेरी काठ, कडक इस्त्री. ती निघायच्या दिवसासाठी ठेवलेली. पण खालच्या खोलीतल्या मुलीला कॉलेजच्या निरोप समारंभाला पांढरी साडी हवी होती आणि मावशींनी ती काढून दिली. ती मुलगी साडी कशाची ते न विचारता नेसली, फोटो काढले आणि पदरावर मंचुरियनचा डाग पाडून परत आली. नंतर कुणीतरी तिला साडीचं खरं काम सांगितलं तेव्हा ती रडायलाच लागली.

मावशी डाग उजेडात धरून पाहत होत्या. "रडतेस कशाला? तिथं कुणी विचारलं तर सांगीन, माझ्याआधी एका पोरीचा निरोप झाला हिच्यात. चांगला झाला ना गं? भाषणं झाली?"

त्यानंतर ती साडी सगळ्या गल्लीची झाली.

माझं आणि त्यांचं पटायचं कारण नव्हतं. मी वाढले ती पत्रकांत. माझे वडील पिंपरीत युनियनचं काम करायचे. आमच्या घरात स्वयंपाक व्हायच्या आधी पोस्टर चिकटवायची खळ शिजायची. अक्षरओळख मला हँडबिलांवरून झाली. 'अ' अन्यायाचा, 'क' कंत्राटी पद्धतीचा. देव-धर्म म्हणजे माणसाला 'थांब, वर गेल्यावर मिळेल' असं सांगून इथं गप्प बसवायची युक्ती आहे, हे मी फार लहानपणी शिकले आणि अजूनही मला त्यात फारसं खोटं सापडलेलं नाही. मी हे मावशींना तोंडावर सांगितलं होतं. त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "खरंय. वापरतात तसं. चाकूनं भाजीही चिरतात आणि माणूसही."

मी लिहिलेली पत्रकं त्या मनापासून वाचायच्या, चष्मा लावून, ओठ हलवत. एकदा वाचून झाल्यावर विचारलं, "शेवटी हे 'झालंच पाहिजे, झालंच पाहिजे' असं दोनदा का लिहितेस?"

"घोषणा आहे ती."

"म्हणजे आमेनच की." आणि मी काही बोलायच्या आत, "रागावू नको. तू पण न आलेल्या राज्याची वाट बघतेस, मी पण बघते. तू तर माझ्याच गावची निघालीस."

मी रागावलेच. पण रात्रपाळीची बस पकडायची होती, आणि त्यांनी डब्यात शेंगदाण्याची चटणी घातली होती.

मला त्यांच्यातली एक गोष्ट कळायची नाही. जे सोडून जायचं आहे ते इतकं घासायचं कशाला? नाताळच्या आधी तर त्या घरावर तुटून पडायच्या. नळ, खिडक्या, जिन्याच्या कडा, सगळं चिंध्या आणि सोडा घेऊन. मोलाचा रंगारी बोलवायच्या नाहीत. खालचं मोठं लोखंडी दार बिजागऱ्यांतून उचलायला दोन भाडेकरू लावायच्या, ते गच्चीवर नेऊन उन्हात आडवं ठेवायच्या आणि स्वतः मांडी घालून हिरवा रंग द्यायच्या. तोवर दाराच्या जागी एक जुनी चादर.

"मावशी, मुक्कामच आहे ना? मग एवढं कशाला?"

"मुक्काम आहे म्हणूनच. स्वतःच्या घरात एक वेळ पसारा चालतो. दुसऱ्याच्या घरात उतरल्यावर करतेस का पसारा?"

सगळं सुटलेल्या या बाईला एकच गोष्ट सुटली नव्हती. नवऱ्याची कबर. रविवारची उपासना झाली की त्या खुरपं घेऊन जुन्या दफनभूमीत जायच्या, गवत काढायच्या आणि त्याला आठवड्याच्या बातम्या सांगायच्या. मी एकदा बरोबर गेले होते. दफनभूमी भरलेली, नव्या माणसाला जागा नाही. मात्र घरच्यांची जुनी कबर उघडून तिच्यात दुसऱ्याला ठेवता यायचं, चर्चच्या कमिटीनं परवानगी दिली तर. मावशींना तोंडी शब्द मिळालेला होता.

"इथं मी," त्यांनी मातीवर हात ठेवून दाखवलं होतं, एखादी नवरी खोली दाखवते तसं. "हे फार घोरायचे गं. जन्मभर झोप नाही मिळाली मला शेजारी. आता शांत आहेत." मग जरा लाजून म्हणाल्या, "हा एवढा एक लोभ राहिलाय. प्रभूला माहीत आहे."

वर्षा आली त्याच साली, नाताळच्या आधी, एका दुपारी, कंपनीत तिची बोटं गेली.

वायरीच्या टोकाला धातूची टोपी दाबून बसवणारं मशीन. हात आत जाऊ नये म्हणून पुढं जाळी असते. जाळी असली की प्रत्येक नगाला वेळ जातो, म्हणून ती काढून कोपऱ्यात उभी केलेली होती. उजव्या हाताची मधली दोन बोटं. तिला विम्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायच्या ऐवजी कंत्राटदाराच्या गाडीतून एका लहान खासगी दवाखान्यात नेलं आणि तिथं सांगितलं गेलं की पोरगी घरी होती, लोखंडी दारात हात सापडला. कामावर झालं म्हटलं तर उपचार, पगार आणि पुढं पेन्शन, सगळं विम्यातून मिळतं. मशीनची जाळी कुणी काढली हेही विचारलं जातं. घरी झालं म्हटलं की सगळे मोकळे. हात वर्षाचा, नशीब वर्षाचं.

मी दुसऱ्या शेडमध्ये होते, डोळ्यांनी काही पाहिलेलं नव्हतं. ज्यांनी पाहिलं त्यांची कंत्राटं महिन्याच्या बोलीवर. मी तक्रार केली, चौकशी लागली, पण बोलणार कोण? घरात त्या दुपारी फक्त मावशी होत्या. दार त्यांचं. साक्ष त्यांची.

आणि कंत्राटदार त्यांच्याच चर्चचा. कंपनीच्या गेटवर तो साहेब, चर्चमध्ये ब्रदर. पहिल्या बाकावर बसायचा, कमिटीचा सेक्रेटरी होता. रविवारी दुपारी तो केक घेऊन आला. मी आणि वर्षा आतल्या खोलीत, मध्ये पडदा.

"जय ख्रिस्त, मावशी. तब्येत काय म्हणते?"

"निघायच्या तयारीत आहे. तुझी?"

तो हसला. "मावशी, ते साहेब येतील चौकशीला. फार काही नाही, एवढंच म्हणायचं, पोरगी घरीच होती आणि दारात हात सापडला. कुणाचं नुकसान नाही. तिचं मी बघतो ना काहीतरी."

"कुठल्या दारात?"

"हेच की, खालचं लोखंडी."

"हं." मग मावशी म्हणाल्या, "रविवारच्या शाळेत तू माझ्याच वर्गात होतास, नाही?"

"हो तर."

"खोटं बोललं की काय करायचे मी?"

"बाकावर उभं करायच्या." तो अजून हसत होता.

"आता चर्चमधली बाकं पण तूच दिलेली. उभं तरी कशावर करू तुला?"

मग हसू थांबलं. कपबशीचा आवाज आला. तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "मावशी, अंकलच्या कबरीचं सांगायचं होतं. जुन्या कबरी उघडू द्यायच्या की नाही, विषय येतोय कमिटीत. बरेच जण नको म्हणतात. आता मी आहे म्हणा तिथं."

"तू आहेस."

"आहे, म्हणून तर आलो."

तो गेल्यावर मावशी पायरीवर मेथी निवडायला बसल्या. संध्याकाळ होत आली होती, पोरं गल्लीत सायकली फिरवत होती. मी बाहेर गेले आणि सुरू केलं. धमकी म्हणजे काय, साक्ष म्हणजे काय, कमिटी म्हणजे कोण लागून गेली. एक अख्खं पत्रक बोलले.

"तू गप्प बस जरा," मावशी म्हणाल्या. "मला भांडू दे."

"कुणाशी?"

"ज्याच्याशी भांडायचं त्याच्याशी."

मग त्या मेथीच्या जुडीकडं बघत, शेजारणीशी बोलावं तशा आवाजात बोलू लागल्या. "सगळं सोड म्हणालास, सोडलं. ह्यांना नेलंस, कुरकुर केली का? एक खड्डा मागितला होता. मखमल नाही मागितली. तोही पाहिजे का तुला? तुझं काय अडलंय माझ्या खड्ड्यावाचून?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात पानं खुडत होते, देठांत पानं आणि पानांत देठ पडत होते. मला तोवर वाटायचं, ज्यांची नजर पलीकडे लागलेली असते त्यांना इथलं सोडायला जड जात नाही. असं काही नसतं. त्या एका जागेसाठी त्या पायरीवर अक्षरशः तुटत होत्या.

पडद्यामागून वर्षा आली, हात पट्टीत, गळ्यात अडकवलेला. "मावशी, तुमी म्हना दारात सापडला. माझी बोटं काय आता परत येनार न्हाईत. तुमची जागा कशापाई घालविता?"

मावशींनी तोंड पुसलं, पदरानं, मग मेथीच्याच हातानं.

"बस इथं," म्हणाल्या. "मला कुठं झोपवलं हे मेल्यावर मला कळणार आहे का गं? तुला मात्र रोज सकाळी भाकरी थापताना कळणार, की एका म्हातारीनं जागेसाठी तुझा हात विकला. आणि उठवणारा यायचा आहे, त्याला माझा पत्ता विचारत फिरावं लागत नाही." मग माझ्याकडं वळून, "ही मेथी परत निवडायला लागणार. ये, बस. पत्रक नंतर वाच."

चौकशीचे साहेब आले ते सभ्य, घाईतले. त्यांनी खुर्ची घेतली, नाव विचारलं, वय विचारलं.

"कायमचा पत्ता?"

"वर," मावशी म्हणाल्या.

साहेबांनी जिन्याकडं पाहिलं. "वर म्हणजे पहिला मजला?"

अपघात झाल्यापासून वर्षा पहिल्यांदा हसली. आधी तोंड दाबून, मग दाबता येईना. मावशी पण हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "साहेब, सध्या इथलाच लिहा. आणि ते दार बघायचं ना तुम्हाला? चला."

दार हिरवंगार, नवं. साहेबांनी उघडून झाकून पाहिलं. "यातच हात सापडला असं तिकडच्यांचं म्हणणं आहे."

"ज्या दुपारी सापडला म्हणतात त्या दुपारी हे दार गच्चीवर होतं. रंग देत होते मी. दाराच्या जागी चादर होती. चादरीत बोटं तुटतात का, ते तुम्ही लिहा." आणि सकाळी दार उचलून वर नेणाऱ्या दोघा भाडेकरूंना त्यांनी हाक मारली. ते कंत्राटदाराचे कामगार नव्हते. एक भाजीवाला, एक रिक्षावाला. दोघांनी मान डोलावली. रिक्षावाला म्हणाला, "साहेब, माझी कंबर अजून सांगती, दार त्या दिवशी कुठं होतं ते." गच्चीवर दाराच्या मापाची हिरवी कड उमटलेली होती. साहेब तिच्याभोवती फिरून आले आणि बराच वेळ लिहीत बसले.

कंत्राटदाराला खोटं तरी नीट रचता यायला हवं होतं. पण त्याच्या डोक्यात हे येणंच शक्य नव्हतं, की स्वतःच्या घराला मुक्काम म्हणणारी बाई नाताळच्या आधी दार बिजागऱ्यांतून काढून रंगवत बसेल.

वर्षाचा अपघात कामावरचा म्हणून धरला गेला. जाळ्या परत मशीनवर चढल्या. किती दिवस राहतील ते आमच्यावर आहे, म्हणून मी अजून पत्रकं लिहिते. कमिटीनं ठराव केला की जुन्या कबरी यापुढं उघडायच्या नाहीत. चर्चचे पाळकसाहेब स्वतः सांगायला आले, खाली मान घालून. मावशींनी त्यांना चहा दिला.

पुढच्या रविवारी त्या खुरपं घेऊन गेल्या आणि नेहमीपेक्षा उशिरा आल्या. मी विचारलं, काय सांगितलं अंकलना?

"म्हटलं, तुम्ही व्हा पुढं. मी दुसऱ्या गाडीनं येते."

उन्हाळ्यात एका सकाळी त्या उठल्या नाहीत. त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या नव्या दफनभूमीत न्यायचं ठरलं, नवऱ्यापासून फार लांब. कंपनीतल्या आम्ही पोरींनी खाडा केला. आमच्यातल्या बहुतेकींच्या घरी बायका स्मशानात जात नाहीत. बसमध्ये कुणीतरी विचारलं, "चालतं का गं आपण गेलेलं?" वर्षा म्हणाली, "मावशीला चालंल."

कंत्राटदारही आला होता, पांढऱ्या शर्टात, पुढं उभा. माझ्या तोंडाशी घोषणा आली होती. वर्षानं माझं मनगट धरलं. पाळकसाहेबांची प्रार्थना संपली. ते म्हणाले, ज्यांना मूठमाती द्यायची आहे त्यांनी यावं. आमच्या पोरी एकमेकींकडं बघू लागल्या. कशी द्यायची, कुणी आधी द्यायची, काही माहीत नव्हतं.

वर्षा पुढं झाली. ढिगातून माती घेतली ती उजव्या हातानं, ज्या हाताची मधली बोटं नाहीत त्यानं. उन्हानं माती अगदी भुसभुशीत झाली होती. कडेपर्यंत जाईतो सगळी गळून गेली. ती परत आली, परत घेतली. परत गळली.

"डाव्या हातानं दे," मी हळूच म्हटलं.

"न्हाई. ह्याच हातानं द्यायची."

तिसऱ्यांदा ती ढिगाकडं वळलीच नाही. कडेला गुडघे टेकून बसली आणि तो हात जमिनीवर आडवा ठेवून, परातीतलं पीठ पुढं सारावं तशी माती पुढं सारू लागली. थोडी थोडी माती आत पडत होती. फावडं घेऊन उभा असलेला माणूस फावडं टेकून थांबला. मागं रांग लागली होती, कंपनीच्या पोरी, गल्लीतल्या बायका, चर्चची माणसं, आणि रांगेत कुणीही तिला आवर म्हणालं नाही.